पाच जपानी मासे आणि मातीचा हौद

लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी पेणहून रोह्याला नोकरीला जात असे. तिथल्या एका कंपनीत टायपिस्ट होते. ऑफिससमोर एक गोल तळं होतं आणि त्यात कोई मासे होते. केशरी, पांढरे, काळ्या ठिपक्यांचे. आम्ही त्यांना जपानी मासेच म्हणायचो. दुपारी मी डबा घेऊन तळ्याच्या काठावर बसायची. चपातीचा तुकडा टाकला की सगळे तोंडं उघडून वर यायचे.

एक दिवस कळलं की तळं बुजवून तिथे गाड्यांसाठी शेड होणार आहे. मोठे मासे एका साहेबांनी त्यांच्या ओळखीच्या बागेत पाठवले. पाच छोटे उरले, बोटाएवढे. माळीबुवांनी विचारलं, "कोणाला पाहिजेत का?" आणि मी काही विचार न करता पुढे झाले.

"बाई, आता एवढेसे दिसतात, पण हे हातभर होतात हां," माळीबुवा म्हणाले. "घरी जागा आहे ना?"

"आहे की," मी म्हटलं. आमच्या दोन खोल्या होत्या, त्यात आम्ही तिघं, हे, सासूबाई आणि मी. मासा ठेवायला कितीशी जागा लागणार, असं मला वाटलं होतं.

झाकणाच्या एका बादलीत पाणी घेतलं, झाकणाला भोकं पाडली आणि संध्याकाळच्या एसटीत बसले. नागोठण्यापर्यंत बादली मांडीवर होती. मग कंडक्टर आला.

"काय आहे त्यात?"

"मासे."

"मग वास कसा नाही येत?"

"जिवंत आहेत."

त्यानं झाकण उचलून आत पाहिलं. एका माशानं नेमकी त्याच वेळी शेपटी मारली आणि कंडक्टरच्या शर्टावर पाणी उडालं. मागचे सगळे हसले. शर्ट झटकत तो म्हणाला, "मेलेल्यांना तिकीट नसतं. जिवंतांचं काय करायचं ते मला डेपोत विचारायला लागेल." पुढे पेण येईपर्यंत तो दर थांब्याला येऊन मासे कसे आहेत ते बघून जात होता.

घरी सासूबाईंनी बादलीत डोकावून पाहिलं. त्यांचं माहेर खाडीकाठचं. तिथे घरामागे जिताडा माशांचं तळं, पलीकडे मिठागरं. मासा त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळायचा.

"काय गो, एवढ्यात कालवण तरी होईल काय?"

"आई, हे खायचे नाहीत. बघायचे आहेत."

"बघायचे?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बघायला वांगी आणली होती.

ह्यांनी पनवेलहून काचेची टाकी आणली, अडीच फूट लांबीची. स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यावर ती ठेवली. पहिले दोन-तीन महिने मजेत गेले. शेजारच्या बायका बघायला यायच्या. मी भात घालायची, चपाती घालायची, बिस्किटंही घालायची. मासे वाढले. वीतभर झाले नसतील, पण टाकीत वळताना त्यांची शेपटी काचेला लागायला लागली.

मग पाणी गढूळ व्हायला लागलं. आज बदललं की परवा पुन्हा तसंच. पाचही जण वर येऊन तोंडं वासून उभे राहायचे. भूक लागली असेल असं समजून मी आणखी खायला टाकायची. पांढऱ्या माशाच्या अंगावर लाल चट्टे उठले.

एका सकाळी सासूबाई भाकऱ्या करत होत्या आणि मी डबा भरत होते. अचानक टाकीतून फडफड ऐकू आली आणि केशरी मासा बाहेर उडाला तो थेट तांदळाच्या पिठाच्या परातीत. क्षणात पांढराफटक. मी किंचाळले. सासूबाईंनी मात्र शांतपणे त्याला दोन्ही ओल्या हातांनी उचललं, तांब्यातल्या पाण्यानं पीठ धुतलं आणि टाकीत सोडला.

"आता निस्ता तळायचाच बाकी ऱ्हायला होता," त्या म्हणाल्या. मी रडायच्या बेतात होते आणि हसूही आवरत नव्हतं. मग त्या टाकीजवळ स्टूल घेऊन बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्याला भूक नाय लागली गो. ह्याचा जीव घुसमटतोय. आमच्या तळ्यात जिताडं सोडतात ना, ती मोजून सोडतात. जास्ती सोडली का एकबी वाढत नाय, आनि पानी नासतं. मासा जिथं खातो तिथंच घान करतो. त्याला फिराया नको? तू पाच म्हशी मोरीत बांधल्यास."

"मग तुमच्या माहेरच्या तळ्यात सोडू या का?"

"सोड की. जिताडं खूश व्हतील. एका घासाला एक."

त्या दिवशी मी ऑफिसला गेलेच नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला गणपतीचा कारखाना होता. त्याचे मालक सत्तरीचे, सगळे त्यांना काका म्हणत. बोलायला कडक. शेडच्या मागे एक सिमेंटचा हौद होता. पूर्वी त्यात शाडूची माती भिजवायचे. आता बहुतेक मूर्ती प्लॅस्टरच्या होत असल्यानं तो कोरडा पडून होता. आत फुटके साचे टाकलेले. लांबी आठ फूट, रुंदी पाच, खोली माझ्या छातीएवढी. सासूबाई मला घेऊन थेट तिथेच गेल्या.

काकांनी ऐकून घेतलं. "म्हणजे गणपतीच्या कारखान्यात मासे पाळू?"

"पाळू नका," सासूबाई म्हणाल्या. "आमी पाळू. तुमी निस्ता हौद द्या."

"आणि मासळीचा वास आला तर? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"वास मेल्यावर येतो, काका. आमी मरू देनार नाय."

काकांनी एकदा हौदात वाकून पाहिलं. मग त्यांनी आत हाक मारून कामगारांना साचे काढायला सांगितलं.

रविवारी आम्ही तिघांनी हौद घासला. दोन दिवस उन्हात वाळवला. विहिरीचं पाणी भरलं, कारण नळाच्या पाण्यातल्या औषधानं मासे मरतात असं माळीबुवांनी सांगितलं होतं. मी रोह्याला त्यांना रोज एक प्रश्न विचारायची आणि संध्याकाळी उत्तर घरी आणायची. एका माशाला निदान चार-पाच पिंपं पाणी हवं, असा त्यांचा हिशेब. हौदात तेवढं बरोबर बसत होतं. ह्यांनी एका पिंपात खडी आणि जुन्या जाळ्याचे तुकडे भरून पाणी गाळायची सोय केली. छोटा पंप पाणी वर चढवायचा आणि ते पन्हळीतून पुन्हा हौदात पडायचं. पांढऱ्या माशाला सासूबाईंनी आधी वेगळ्या टपात ठेवलं, त्यांच्या माहेरच्या खडेमिठाचं अगदी फिकं पाणी करून. आठवड्यात चट्टे फिके झाले.

मासे हौदात सोडले तेव्हा पहिला तासभर पाचही एकाच कोपऱ्यात, टाकीएवढ्याच जागेत घुटमळत राहिले. मग केशरी निघाला. सरळ पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला, वळला, परत आला आणि पुन्हा गेला. त्याच्यामागून बाकीचे. काका हात मागे बांधून बघत होते. "पळतायत लेकाचे," एवढंच म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी हौदाच्या अर्ध्या भागावर सावलीसाठी माडाची झापं घातलेली दिसली.

त्या वर्षभरात मासे दिसामासी वाढले. वीज गेली की सासूबाई कळशीनं पाणी उंचावरून ओतत बसायच्या, हवा मिसळावी म्हणून. बगळा यायला लागला तेव्हा काकांनी हौदावर जुनं जाळं ताणलं. गणपतीच्या हंगामात कोणी हौदाकडेला ब्रश धुवायला गेलं की काका एवढ्यांदा ओरडायचे की रंगवणाऱ्यांचे ब्रश जागीच थांबायचे. मूर्ती न्यायला येणारी माणसं आधी मागे जाऊन मासे बघायची. मुलांना तर तिथून हलवायला लागायचं.

पुढच्या पावसाळ्यात, आम्ही हौदात सोडलेल्या पाणवनस्पतींच्या मुळांना बारीक अंडी दिसली. मोठे मासे ती खाऊ लागले होते, म्हणून सासूबाईंनी मुळं काढून वेगळ्या पिंपात ठेवली. काही दिवसांत पाण्यात पापणीच्या केसांएवढी पिल्लं दिसायला लागली. मोजायचा प्रयत्न केला, तर दर वेळी वेगळा आकडा. आनंद झाला आणि धसकाही बसला. पाचांना मोठी जागा शोधायला एवढी धावपळ, आता ह्यांना कुठे ठेवायचं?

पिल्लं बोटाएवढी झाल्यावर मागायला लोक येऊ लागले. पण सासूबाईंनी अट घातली: आधी जागा बघणार, मग मासा देणार. रविवारी आम्ही दोघी निघायचो. लोक चहा-पोहे करायचे. सासूबाई चहाला हातही न लावता परसात जायच्या.

"खोली किती? ऊन किती लागतं? पानी कोन बदलनार?"

एका घरी मालकानं सजवलेली काचेची टाकी दाखवली. आत दिवे, शिंपले, प्लॅस्टिकचा पाणबुड्या. सासूबाईंनी एक नजर टाकली. "सुंदर हाय. ह्यात मासा नका ठेवू." आम्ही उठलो. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आई, तुम्ही मुलीचं स्थळ बघायला आल्यासारखं करता."

"मग? पोरीला काय कपाटात देतात व्हय?"

शेवटी सहा पिल्लं गागोद्याकडच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीजवळच्या टाकीत गेली, काही पेणमधल्या एका बागेत. चार मी पुन्हा त्याच झाकणाच्या बादलीतून रोह्याला नेली. माळीबुवा आता निवृत्त झाले होते. त्यांनी घरामागे स्वतःच्या हातानं खड्डा खणून, दगड लावून तळं केलं होतं. सासूबाई त्या दिवशी माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी काठावर बसून पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, तळाचा अंदाज घेतला आणि माळीबुवांना म्हणाल्या, "पसंत हाय."

माळीबुवांनी बादली हळूच आडवी केली. मग त्यांच्या बायकोनं आम्हाला जेवायला बसवलं, आणि सासूबाईंनी त्या दिवशी सगळं मागून मागून खाल्लं.