तिचं सरपण

या, जवळ सरकून बसा. पण आधी एक बोलते, राग नका मानू. तुमी लोक भुताखेताच्या या पानावर इतके अनुभव लिहून राह्यले, पण साऱ्यांत शहाणे तुमीच! चुकलं ते भुताचं, नाईतर दुसऱ्याचं. आपलं चुकलं असं कोणीच काऊन लिहीत नाई?

मंग मीच लिहिते.

भुताखेतावर माहा कधीच विश्वास नव्हता. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सारं मी आपली आपण वाचून शिकली... अन् त्याचा ताठाही तेवढाच! सन पन्नास-साठच्या मधली गोष्ट. चंद्रपूरले तवा चांदा म्हणत. माहा दादा अन् त्याचे तीन मित्र सायकलनं भामरागडले निघाले. मी एकोणीस वर्षांची, रडून-भांडून पाचवी झाली. सामानासाठी संगं बैलबंडी होती. बंडी त्या तिघांतल्याच एकाची, वामनची. हाकणारा दसरूभाऊ, गोंड माणूस, त्याच्याकडं बारा वर्षांपासून कामाले. बंडी पहाटेच निघे, आमी मागून जाऊन दुपारी गाठायचो.

आलापल्लीच्या पुढची गोष्ट. निघता निघता दसरूभाऊ म्हणला, "बाई, नाल्याच्या वळणावर काटक्यांचा ढीग लागंन. तिथी एक बाई वाघानं नेली. येणारा-जाणारा एक काटकी टाकते. तुमी बी टाकजा."

"काऊन भाऊ, नाई टाकली तं धरते का ती?"

"थंडी वाजते तिले," तो म्हणला. "एकटी हाय ना."

मी तोंडावर पदर धरून हसली.

त्या दिवशी बंडी वंगण द्याले वाटेत थांबली, आमीच आधी त्या वळणावर पोचलो. बाकीचे नाल्यावर आंघोळीले गेले. मी चहा मांडला. रात्री पाऊस शिंतडला होता, सारं लाकूड ओलं. ढिगाच्या पोटातल्या काटक्या मातर खडखडीत... मी कवळाभर ओढल्या अन् चूल पेटवली.

बंडी आली. दसरूभाऊनं खचलेला ढीग पाह्यला.

"कोणं काढलं?"

"मले काय माहीत? आधीच तसं होतं."

तो वाकला. राखेवर हात ठेवला. गरम होती.

तिथून निघालो अन् माही सायकल जड झाली. दादा मागून वरडला, "काय वो बाई, कोणाले डबलशीट घेतलं?" सारे हसले. मले मागं पाहाची हिंमत होईना. दादानं सायकल उलटी करून चाकं, साखळी, सारं तपासलं. काही बिघाड नाई. पुढं वाळू लागली. चौघांच्या चाकाची नुसती रेघ, माही बोटभर खोल. अन् साऱ्यांत हलकी तं मीच!

मागून आलेल्या बंडीत सायकल टाकली, तं डावा बैल गुडघ्यावर बसला.

"चारा देत नाई का रे बैलाले?" वामन दसरूभाऊवर खेकसला.

दसरूभाऊनं सायकल उतरवली. "तिले जागेवर पोचवून येतो."

"कोणाले? बंडी सोडून गेला तं उद्यापासून कामावर येऊ नको!"

दसरूभाऊनं माह्याकडं पाह्यलं. एकदाच. "मीच काढल्या" — एवढं म्हणाले काय लागत होतं? मी खाली पाहून हाताले लागलेलं साखळीचं काळं पुसत राह्यली.

तो एकटाच सायकल ढकलत माघारी गेला. वाघाचं रान ते. दिस बुडायच्या आधी आला. सायकल फुलासारखी हलकी. मले एवढंच म्हणला, "ढीग भरला, बाई. आता चालवा." मंग आपली घोंगडी उचलून त्याच वाटेनं पायी घरी गेला. वामननं दुसरा गडी पाह्यला. मी परत कधी त्याचं गाव विचारलं नाई.

आता तुमी म्हणान ब्रेक घासत असंन, बैल थकला असंन. असंन बा. पासष्ट-सत्तर वर्षं मीही हेच घोकून राह्यली. पण वाळूतली ती खोल रेघ काही पुसत नाई. अन् दादा गेला, वामन गेला, तरी कोणापाशी बोलली नाई मी.

तुमच्यापैकी कोणाजवळ मोटार असंन तं चंद्रपूरले या. लवकर या. नजर अधू झाली, पाय गेले माहे, त्या वळणापर्यंत कोणी नेलं पाह्यजे. अंगणात एक मोळी बांधून ठेवली हाय. वाळून खडखडीत झाली ते.