बांबूचं दुसरं टोक

"बरं झालं आलीस," चेअरमन म्हणाले. "चेंबर तुंबलाय. सफाईवाला फोन उचलत नाहीये. तू जरा बांबू मार."

रविवार होता. मी चर्चला निघाले होते. इस्त्रीची साडी, पिशवीत बायबल. जिन्याखाली मैल्याचं पाणी पसरलं होतं आणि सोसायटीतले चार-पाच पुरुष नाकाला रुमाल लावून उभे होते. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी विचारलं, "मी, काका?"

"मग काय झालं? पहिल्या मजल्यावरच्या त्या म्हातारीचं सगळं करतेसच ना. तुम्हा लोकांना सवय असते."

तुम्हा लोकांना.

आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचे. आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. बेडपॅन, भरलेल्या चादरी, हेच तिचं आयुष्य. मला ती बादलीला हात लावू द्यायची नाही. चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी माझी फी भरली, त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. मी बी. ए. झाले. आमच्या घरातली पहिली. काशीमीऱ्याला एका गोडाऊनच्या ऑफिसात बिलं करायची नोकरी लागली आणि आईला घेऊन भाईंदरला आले.

घर मिळेना. आजोबांच्या काळात आमचा देव बदलला होता, आडनाव तेच राहिलं होतं. नाव सांगितलं की लोक म्हणायचे, कालच दिलं. शेवटी खारी गावाला लागून असलेल्या या बिल्डिंगमध्ये एका मालकानं भाड्यानं जागा दिली. अकरा महिन्यांचा करार. चेअरमननं एक फोन केला असता तर आम्ही रस्त्यावर. आई रोज सांगायची, "घर मिळालंय, तोंड मिटून ऱ्हा."

मी मिटून राहिले होते. जिन्यात कुणी आलं की भिंतीला लागून उभी राहायचे.

पहिल्या मजल्यावर नलूमावशी राहायच्या. खारीतल्याच, जुन्या. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली. मुलगा सकाळी कामाला जायचा. सांभाळायला ठेवलेली बाई वासानं सोडून गेली. एकदा दाराबाहेरून मला त्यांचं कण्हणं ऐकू आलं. दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत गेले.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ जात होते. पुसायचं, कूस बदलायची, चादर धुवायची. पहिल्यांदा मला ओकारी झाली. ज्या कामातून आईनं मला बाहेर काढलं, तेच काम.

आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पाळक लोकांचे पाय धुतात, प्रभूनं शिष्यांचे धुतले म्हणून. आम्ही सगळे घरून पाय घासूनपुसून जायचो. मीसुद्धा दगडानं टाचा घासायचे. नलूमावशींनी माझ्यासाठी काही घासून ठेवलं नव्हतं. तिथं मला पाय धुण्याचा तो पाठ कळला.

आणि चेअरमनला त्यात माझी जात दिसली.

बांबू भिंतीला टेकवलेला होता. माझा हात तिकडे गेला. खरं सांगते, गेला. करार संपत आला होता. आणि दुसरीही एक भीती होती. ख्रिस्ताचं नाव घेणाऱ्यानं सेवेला नाही कसं म्हणायचं? मी बांबू उचलला. लांब होता, तोल जात होता.

"काका, तुम्ही दुसरं टोक धरता का? दोघांनी मारला तर लवकर सुटेल."

मी मनापासून विचारलं होतं. टोमणा नव्हता.

एक जण हसला. "धरा, धरा, चेअरमनसाहेब."

चेअरमन लाल झाले. "मी? डोकं फिरलंय का तुझं? देव बदलला म्हणून आमच्या बरोबरीला आलीस काय?"

तिथं माझ्या डोक्यात लख्ख झालं. नलूमावशींना डावा हात हलवता येत नव्हता. इथं सगळ्यांचे हात धडधाकट होते. कुणी आजारी नव्हतं, कुणाला दुखत नव्हतं. घाण त्यांचीही होती, माझीही होती. हात मात्र फक्त माझे हवे होते.

मी बांबू खाली ठेवला. "मग मीही धरणार नाही."

पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं.

"मालकाला फोन लावतो," ते म्हणाले. "बघतो किती दिवस राहतेस."

चर्चला गेलेच नाही. वर नलूमावशींकडे गेले आणि त्यांची कूस बदलायला लागले.

"तुजं हात गार हायत," त्या अडखळत म्हणाल्या. "काय झाला?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू नको येव उद्यापासना. माज्यापायी तुजं घर जाईल."

"येणार," मी म्हटलं.

"न्हाय ऐकायची तू," त्या म्हणाल्या आणि उजव्या हातानं माझं मनगट धरलं. सोडलं नाही.

घरी आई रडली. "हात जोड अन् मोकळी हो, बाई. मी आयुष्यभर जोडले."

"तू जोडलेस म्हणूनच मी नाही जोडणार."

संध्याकाळी मालकाचा फोन आला. माणूस वाईट नव्हता. "माफी मागून टाक ना. मलाही सोसायटीशी जमवून राहायचंय." मी म्हटलं, माफी मागणार नाही.

करार वाढवला नाही. आम्ही काशीगावात एका खोलीत गेलो. नलूमावशी होत्या तोवर मी रोज त्यांच्याकडे जात राहिले, चेअरमनच्या खिडकीखालून. गेट दिसलं की भीती वाटायची. ती भीती आजही गेलेली नाही. कुणी "तुम्ही लोक" म्हटलं की आधी तीच उठते.

उठू दे. ज्याला उठता येत नाही त्याची घाण मी काढीन, तो कुणीही असो. जो धडधाकट उभा राहून मला हुकूम करतो, त्यानं आधी बांबूचं दुसरं टोक धरावं. तोवर माझे हात त्याला मिळणार नाहीत.