जीपला पाजलेलं तेल

ऐंशीच्या दशकात मी आलापल्लीकडे दवाखान्याची जीप चालवायचो. लोक डॉक्टरचं कौतुक करत. करोत बापडे! नाल्यातून डॉक्टरला पलीकडे कोण नेत होतं, ते मला ठाऊक आहे. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा ट्रान्सफर केसचा लोखंडी डबा गाडीच्या पोटाशी होता. त्यातल्या तेलाला मी दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे.

एका श्रावणात मुलचेऱ्यापलीकडच्या खेड्यात एक पहिलटकरीण अडली. मूल आडवं होतं. तिला, तिच्या सासूला आणि आमच्या नर्सबाईंना घेऊन निघालो. गडचिरोली गाठली तरच दोन्ही जीव वाचणार होते. आणि गावच्याच नाल्यात गाडी दगडावर आपटली. काठावर चढलो तर खालून घरघर. वाकून पाहिलं, डब्याच्या बुडाचं बूच उडालेलं, तेल सगळं नाल्यात! तसंच दामटलं असतं तर डबा जाम होऊन एकही चाक फिरलं नसतं. मी त्या दगडाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

वाळल्या सागाची खुंटी तासली, रुमालाची चिंधी गुंडाळून भोकात ठोकली. पण तेल कुठलं आणायचं? जवळचं आदल्या फेरीतच संपलं होतं.

सासू घरी गेली आणि मोह्याच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाचं मडकं चुलीवर कोमट करून घेऊन आली. नातवंडाच्या मालिशीला जपलेलं तेल होतं ते.

"माय, हे तं लेकराचं हाय," मी म्हणालो.

"लेकरूच नाई आलं तं चोळू कोनाले? पाज तुह्या गाडीले."

नर्सबाईंच्या सामानातला एनिमाचा डबा आणि नळी उचलून मी तेल ओतू लागलो. बाई कडाडल्या, "अरे, ते पेशंटचं आहे!"

"आत्ता हीच पेशंट हाय, बाई."

अधूनमधून थांबून, डबा तापला का ते हात लावून पाहत, बेताने चालवली. वाटभर गाडीखालून वडे तळल्यासारखा वास येत होता. पण माझी जीप पोचली! मुलगी झाली, आईही वाचली. मला इतका अभिमान वाटला की दवाखान्याच्या फाटकात मी विनाकारण हॉर्न वाजवला आणि शिव्या खाल्ल्या.

पुढे डबा धुऊन त्यात त्याचं नेहमीचं तेल भरलं, नवं बूच बसवलं. महिन्याभराने मालिशीचं तेल घेऊन त्या घरी गेलो. म्हातारीने नातीला मांडीवरून उचलून छातीशी धरलं, तेलात बोट बुडवलं आणि थेट अंगणात आली. बोट आधी जीपच्या बॉनेटला लावलं, मग नातीच्या टाळूला.

"पहिले मोठीले," ती म्हणाली.