आभाळाकडे बघणारे दिवे

मी सोलापुरात एका वकीलसाहेबांच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. खंडेनवमीला साहेबांच्या घरच्यांनी मोटारीची पूजा केली आणि पुढच्या दोन्ही दिव्यांना झेंडूच्या जाडजूड माळा करकचून बांधल्या. दुसऱ्या दिवशी त्या ओरबाडून काढताना एका दिव्याचा बल्ब गेला आणि दोन्ही दिवे आभाळाकडे तोंड करून बसले. देवपूजेच्या नावाखाली असला धसमुसळेपणा!

संध्याकाळी मी नवा बल्ब बसवला. मोटार भिंतीसमोर उभी केली, दिव्यांच्या उंचीवर खडूची रेघ मारली आणि उजेड रेघेखाली येईपर्यंत दिवे वाकवून नट आवळले. साहेब बाहेर आले आणि भिंतीकडे बघून खेकसले, "हे काय? होते तसे वर कर. उजेड लोकांच्या तोंडावर पडला पाहिजे."

"समोरच्याला काही दिसत नाही, साहेब."

"नाही दिसलं तर बाजूला होईल. कोण आलंय ते कळायला नको?"

मी दिवे वर करून पुन्हा नट आवळले.

त्याच आठवड्यात अक्कलकोटच्या रस्त्यावर दिवेलागणीला एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन समोरून आला. उजेडानं बिथरून मेंढरं कडेच्या निवडुंगात घुसली. म्हाताऱ्यानं डोळे मिटूनच मोटारीला हात जोडले. "चुकलं की सायेब, कायबी दिसलं न्हाय."

मागच्या सीटवर साहेब खूष होऊन हसले. त्या हसण्याची मला शिसारी आली. पण नट आवळणारे हात माझेच होते. घरी गेल्यावर त्या हातांनी भाकरी मोडवेना.