बारा तारखेची मोटार

आमच्या अव्वाला, म्हणजे आईला, विजापूरचा गोल घुमट बघायचा होता. बघायचा कसला, ऐकायचा होता. बांगड्या भरायला आलेल्या एका कासारणीनं तिला सांगितलं होतं, की त्या घुमटात एकदा बोललं की सात वेळा ऐकू येतं. झालं! त्या दिवसापासून तिनं अप्पांच्या मागं टुमणं लावलं. "या घरात म्या एक गोष्ट सात बार सांगते, तवा कुठं एकदा ऐकू जाते. तिथं एकदा बोललं की सात बार! मला तिथं न्या. माझा आवाज हाय तरी कसा, ते मला कळू द्या." हे ती हसत हसत म्हणायची. पण मी दहा वर्षांची घोडी होते, ते हसणं वरवरचं आहे एवढं मला कळत होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि जळकोटच्या बाहेर ती फक्त माहेरी सोलापूरला जायची, तेही बैलगाडीनं. आगगाडीत तर ती कधी बसलीच नव्हती.

अप्पा तुळजापूरच्या कचेरीत कारकून. आठवडाभर तिकडंच राहायचे आणि जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, सुट्टीला घरी यायचे. एका जुम्म्याला ते एकदाचे "बरं, जाऊ" म्हणाले, आणि मग काय विचारता! सोलापूरहून आगगाड्यांचं वेळापत्रक आलं. कचेरीच्या कागदी तावावर चार दिवसांचा बेत उतरला: भाड्याची मोटार दारात येणार, वाटेत नळदुर्गचा किल्ला, मग सोलापूर स्टेशन, होटगीला गाडी बदलून विजापूर. 'होटगी: मुलांनी शेंगा खाणे, वीस मिनिटं.' 'घुमट: पाऊण तास, पैकी ओरडणे दहा मिनिटं.' असं सगळं लिहिलेलं. अव्वाला ओरडायला दहाच मिनिटं दिली म्हणून मला राग आला होता.

शेवटी सोलापूरच्या मोटारवाल्याला पत्र लिहायची वेळ आली. अप्पा लिहीत होते आणि मोठ्यानं वाचत होते, "बारा तारखेस सकाळी आठ वाजता मोटार जळकोटास हजर ठेवावी." अव्वा चुलीपुढून म्हणाली, "अहो, बारा कुणाची? आपली का इंग्रजांची? म्हयना घाला की!"

आता तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. आम्ही निजामाच्या मुलखातले. अप्पांच्या कचेरीत आजूर, दै, बहमन असे फसली महिने चालायचे. पंधरा कोसांवरचं सोलापूर इंग्रजांचं, तिथं डिसेंबर. आमची तारीख त्यांच्यापेक्षा चार दिवस मागं. अव्वा सोलापूरची लेक, तिला दोन्ही तारखा ठाऊक. पण अप्पा उसळलेच. "बारा म्हणजे बारा! वीस वर्षं कागद लिवतोय मी. तू भाकरीकडं बघ." तिनं पुन्हा एकदा सांगितलं. मग ती भाकरीकडं बघत बसली.

पुढच्या महिन्यात अव्वा सकाळी अंगण सारवत होती, हात कोपरापर्यंत शेणात, आणि दारात मोटार येऊन उभी! लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नव्हतं. तिच्या मागं कोळशाची भट्टी लावलेली, ती भकाभका धूर सोडत होती. अर्धं गाव गोळा झालं. आमच्याकडं तेव्हा बहमनची आठ तारीख. डायव्हर पत्र नाचवून सांगू लागला, "बारा म्हणून लिवलंय, आज डिसेंबरची बारा! आता फुडं लगीनसराई. आज न्हाय तर मोटार परत मिळायची न्हाय."

अप्पा तुळजापुरात. रजा चार दिवसांनंतरची. दशम्यांचं पीठसुद्धा मळलेलं नव्हतं. अव्वा तशीच उभी राहिली. गेलं विजापूर, असंच मला वाटलं. रडूच आलं.

अव्वानं हात धुतले. ठेवणीतलं इरकल नेसली. शिळ्या भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधली, गाय शेजारणीच्या हवाली केली आणि मला न् धाकट्या भावाला मोटारीत कोंबलं.

"आणि अप्पा?" मी विचारलं.

"वाटंत घिऊ," ती म्हणाली. जसं काही ते एक गाठोडंच होतं. नळदुर्गचा किल्ला तिनं बाहेर न बघताच मागं टाकला.

तुळजापूरच्या कचेरीपुढं मोटार धुरासकट थांबली. अप्पा कानावर टाक अडकवून बाहेर आले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, आज आठ तारीख!"

"तुमची आठ. मोटारवाल्याची बारा. बसा."

आरडाओरडा ऐकून तहसीलदारसाहेब बाहेर आले. सगळी हकीकत ऐकून त्यांना इतकं हसू फुटलं की भिंतीला टेकावं लागलं. "जाओ मियाँ, जाओ! आज की आठ को हम बारा समझ लेंगे!" अप्पा कानावरच्या टाकासकट मोटारीत बसले. विजापूरपर्यंत ते तोंड फिरवूनच बसले. होटगीला शेंगा मात्र त्यांनी बरोबर वीस मिनिटं खाऊ दिल्या.

घुमटाच्या अरुंद पायऱ्या चढून आम्ही वरच्या गोल सज्ज्यात गेलो. अप्पा रुसून पार पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले, भिंतीकडं तोंड करून. अव्वानं दोन्ही हातांनी कठडा धरला. देवाचं नाव घेईल असं मला वाटलं. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली,

"म्या सांगितलं हुतं!"

सांगितलं हुतं, सांगितलं हुतं, सांगितलं हुतं... भाऊ बोटांवर मोजत होता. सात भरले! आजूबाजूची माणसं हसायला लागली. अव्वा हसली नाही. स्वतःचा आवाज ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

आवाज विरला, आणि आमच्या कानाशी कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "चुकलं माझं." मी दचकून मागं बघितलं. मागं कुणीच नव्हतं. अप्पा पलीकडं भिंतीशी पुटपुटले होते. त्यांना वाटलं, कुणाला ऐकू जाणार! पण त्या भिंतीनं ते शब्द गोल फिरवून आमच्यापर्यंत आणून सोडले होते.

चौदा वर्षांत त्या माणसाच्या तोंडून ते शब्द अव्वानं ऐकले नव्हते. तिचे डोळे भरून आले. माझेही आले. तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा कठड्यावर वाकली.

"काय म्हणालात? ऐकू आलं न्हाय!"

तेही सात वेळा घुमलं. अप्पांनी चमकून वळून बघितलं. सगळा सज्जा त्यांच्याकडं बघत होता. त्यांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला, आणि ते खाकरणंही सात वेळा ऐकू आलं. मग ते पुन्हा म्हणाले, मोठ्यानं.