व्हर्नच्या गाडीमागची आर्डिस

या कॅम्पची मी राखणदार; नळ बंद केले की माझा सीझन संपतो. नोव्हेंबरात पाइप गोठतात, म्हणून पाणी तोडायचं, एक संडास उघडा ठेवायचा आणि बाकीच्यांना कुलूप ठोकायचं. त्यानंतर आमच्या या कॅनियनमध्ये जे कुणी आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन येतात, त्यांना एक तर गर्दीचा तिटकारा असतो, नाहीतर लपवायचं काहीतरी असतं. आर्डिस आणि व्हर्न गर्दी टाळायला येतात, अशी माझी इतकी वर्षं खात्री होती. दरवर्षी यायचे, खाली नदीपर्यंत चालून जायचे आणि बर्फ पडायच्या आत दक्षिणेला, अ‍ॅरिझोनाच्या उबेत निघून जायचे.

आर्डिस सत्तरी ओलांडलेली. साउथ डकोटातल्या एका लहान गावी शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उभा जन्म काढला. व्हर्न त्याच शाळेची बस चालवायचा. दोघं निवृत्त झाल्यावर घर विकून गाडीत राहायची कल्पना व्हर्नची. ती 'बरं' म्हणाली. आर्डिसचं सगळं आयुष्यच या 'बरं'वर चाललेलं. भांडी, पडदे, शिवणयंत्र लेकीच्या तळघरात गेलं आणि ही दोघं तीस फुटी गाडीत आली. गाडी व्हर्ननेच चालवायची. आर्डिसचं काम मागे उभं राहून हातवारे करण्याचं.

हे हातवारे म्हणजे आम्हा आरव्हीवाल्यांची संध्याकाळची करमणूक. जागेवर गाडी मागे घेताना नवरा-बायको भांडले नाहीत असं होत नाही. शेजारचे खुर्च्या बाहेर टाकून बसतात. या दोघांचं भांडण तर तिकीट लावून बघावं असं.

"डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे, म्हाताऱ्या."

"तुझं डावं रोज बदलतं गं."

यंदा मात्र आर्डिसच्या एका हातात वॉकीटॉकी आणि दुसरा हात खिशात. ती हळू आवाजात बोलत होती, "ये. ये. थोडं उजवीकडे. अजून. बास." व्हर्न मुकाट ऐकत होता. गाडी लाकडी बाकापासून वीतभर अंतरावर थांबली, आणि एकदाही कुणाचा आवाज चढला नाही. मला ते काही बरं वाटलं नाही. इतक्या वर्षांचा संसार आणि गाडी मागे घेताना भांडण नाही, म्हणजे काहीतरी बिनसलेलं असणार.

दुसऱ्या दिवशी ती दोघं खाली उतरायला निघाली.

"चल की डोरीन," आर्डिस मला म्हणाली. "नाहीतरी रिकामीच आहेस."

"रिकामी कुठली? उंदीर राखतेय."

पण गेले. सावलीत वाटेवर बर्फ धरला होता. आम्ही बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधले. पुढे आर्डिस, तिच्या सॅकचा पट्टा धरून व्हर्न, मागे मी. आर्डिस सारखी बोलत होती. "पायरी. आता बर्फ. भिंत उजव्या हाताला. वळण." तिचा घसा बसलेला. म्हातारपणी बाईला बडबडीची खोड लागली, असं मी मनात म्हटलं.

अर्ध्या वाटेवर एक खांब आहे. वाटेत कुणाची टोपी सापडली की लोक ती त्या खांबावर अडकवून ठेवतात. परत येणाऱ्याला मिळावी म्हणून. तशी एक लाल टोपी तिथे होती. व्हर्न खांबापाशी थांबला आणि वाटेवर भेटणाऱ्या कुणालाही विचारावं तसं त्याने विचारलं, "काय, कसं काय? नदीला पाणी किती आहे?" आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला.

आर्डिस वळलीसुद्धा नाही. "आजकालची पोरं. कानात वायरी घालून फिरतात, त्यांना काय ऐकू जाणार? चल."

तो चालायला लागला. मी मागे वळून त्या टोपीकडे बघितलं.

नदीवर पोचल्यावर व्हर्न उन्हात खडकाला टेकून सँडविच खात बसला. मी आर्डिसला पाण्याच्या कडेला नेलं.

"किती दिसतं त्याला?"

तिने थर्मासचं झाकण लावलं. "कडेकडेचं. मधलं गेलं सगळं."

"आणि गाडी?"

"मी बघते, तो चालवतो. म्हणून तर आता सगळीकडे ऑफ-सीझनलाच जातो. रस्ते मोकळे असतात. समोरून ट्रक आला की सांगते."

"उद्या घाट उतरायचाय तुम्हाला. तुम्ही मराल ते मराल, समोरून येणाऱ्याचं काय?" मी खरंच चिडले होते.

"तू रेंजरला सांगशील."

"सांगावंच लागेल मला."

"मग सांग," ती म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना भीती.

मी मऊ झाले. म्हटलं, "पार्किंग सगळं रिकामं आहे. तूच शीक. मी माझी गाडी एकटी चालवते, तुला का नाही जमणार?"

"डोरीन, मला शिकायचं नाही. मला थांबायचंय." ती दगडावर बसली. "लेकीने तिच्या गावी दोन खोल्या बघितल्यात. तिला वाटतं, आईला नकोत. मला हव्यात गं त्या. एका जागी उभी असलेली शेगडी हवी. दिवसभर बोलून बोलून माझा जबडा दुखतो. पण गाडी काढून घेतली तर या माणसात राहिलं काय? हे मी त्याला कुठल्या तोंडाने सांगू?"

"तुझ्याच तोंडाने. सकाळपर्यंत सांग, नाहीतर मी रेंजरकडे जाते."

चढताना फक्त "पायरी" आणि "बर्फ".

सकाळी आभाळ भरून आलं होतं. व्हर्नने इंजिन चालू केलं. आर्डिस निघण्याआधीची फेरी मारत होती, पायरी आत घेतली का, दारं लागली का बघत. मी मुद्दाम त्यांच्या गाडीसमोर येऊन उभी राहिले. त्याला दिसले नसेनच. फेरी संपवून ती आपल्या बाजूच्या दाराकडे गेली नाही. व्हर्नच्या खिडकीखाली येऊन उभी राहिली.

"झालं का?" त्याने विचारलं.

"व्हर्न, मी दमले. मी येत नाही."

त्याने इंजिन बंद केलं.

"कधीपासून?"

"घर विकलं तेव्हापासून."

व्हर्न समोरच्या काचेकडे तोंड करून बसला होता. "शाळेच्या त्या भटारखान्यात तू म्हणायचीस, भिंतींशिवाय दुसरं काही बघितलं नाही. म्हणून घर विकलं. डोळे गेले तेव्हा वाटलं, मी थांबलो तर तुझं फिरणं बंद होईल." त्याने किल्लीवर हात ठेवला. "रोज भीती वाटते मला, आर्डिस."

त्याने किल्ली काढली आणि खिडकीतून तिच्यापुढे धरली. हात तिच्यापासून फूटभर बाजूला, रिकाम्या हवेत गेला. आर्डिसने त्याला डावं-उजवं काही सांगितलं नाही. ती स्वतःच सरकली आणि त्या हाताखाली जाऊन उभी राहिली.