सुभेदारांनी आम्हाला डोंगर शिकवला

डोंगरावर पहिल्यांदा जाणारी मंडळी मला विचारतात, बरोबर काय घ्यायचं, कसं चालायचं. मी सांगायला बसतो खरा, पण सल्ल्याच्या आधी किस्साच तोंडात येतो. चार-पाच माणसं दर रविवारी एकत्र चालायला लागली की किस्से साठतच जातात, त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही.

साठ सालच्या आसपास माझी जयपूरला ट्रान्सफर झाली. विम्याच्या ऑफिसात होतो, आदर्श नगरात खोली होती. तिथंच सुभेदार जाधव भेटले. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन जयपूरलाच राहिलेले. दर रविवारी पहाटे ते शहराजवळच्या गलत्याच्या डोंगरावर जायचे. हळूहळू त्यांच्यामागून आम्हीही जायला लागलो. मी, बँकेतले साठे, त्यांच्या पत्नी कुसुमवहिनी आणि तारखात्यातले काळे.

पहिल्या रविवारी मी कोरे करकरीत बूट घालून गेलो. अर्ध्या वाटेवर दोन्ही टाचा सोलून निघाल्या आणि उतरताना मी बूट हातात घेऊन चाललो. सुभेदारांनी टाचा बघितल्या आणि म्हणाले, "बूट आधी ऑफिसात चालवा, मग डोंगरावर आणा."

मी पंधरा दिवस ते जाडजूड बूट घालून ऑफिसात जात होतो. आमचे साहेब रोज संध्याकाळी विचारायचे, "क्यों जी, कहीं निकल रहे हो क्या?" सोळाव्या दिवशी बूट मऊ झाले. साहेबांना मात्र मी नोकरी सोडतोय असंच वाटत होतं. त्यांनी माझ्या टेबलासाठी दुसरा माणूसही बघून ठेवला होता.

साठ्यांचा प्रॉब्लेम उलटा होता. त्यांना घरातलं काहीच मागे ठेववत नसे. एकदा त्यांची सॅक दोघांनी मिळून उचलावी लागली. सुभेदारांनी ती पायथ्याशीच जमिनीवर रिकामी केली आणि सामानाचे तीन ढीग घातले. नक्की लागणारं, कदाचित लागणारं आणि न लागणारं. पहिल्या ढिगात पाणी, भाकरी, टोपी आणि दोरी एवढंच आलं. तिसऱ्यात स्टोव्ह, सतरंजी, दाढीचं सामान आणि पितळी तांब्या.

साठे जरा दुखावले. म्हणाले, "आणि मी कुठल्या ढिगात?"

सुभेदार काही बोलायच्या आत वहिनी म्हणाल्या, "दुसऱ्या."

काळे रत्नागिरीचे. त्यांच्याकडे वळणावळणाला पऱ्या, म्हणजे ओढा वाहतो, त्यामुळे पाणी जपून वापरायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सप्टेंबरातल्या एका रविवारी पहिल्या चढावरच त्यांनी आपल्या पिशवीतल्या पाण्यानं तोंड धुतलं, मग पायही धुतले. दहाच्या सुमारास ऊन तापलं आणि काळे मध्येच थांबले. डोळे तारवटलेले, बोलणं असंबद्ध. मला ते "आई" म्हणाले तेव्हा मात्र मी घाबरलो.

सुभेदारांनी त्यांना एका कातळाच्या सावलीत बसवलं, गळ्याचं बटण सोडलं आणि पंच्यानं वारा घालायला लागले. वहिनींनी कुणाला न विचारता स्वतःच्या पिशवीतलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. आम्ही घोटघोट पाणी पाजत राहिलो. अर्ध्या तासानं काळे माणसात आले. पहिला प्रश्न, "वर अजून किती आहे?"

"वर जे आहे ते तिथंच राहतंय," सुभेदार म्हणाले. "आता खाली जायचं."

त्यानंतर कित्येक महिने काळे ऑफिसातल्या नळाखाली हात धुतानासुद्धा आधी इकडेतिकडे बघायचे.

आता शेवटचा. सुभेदारांचा नियम होता, निघताना घरी सांगून निघायचं. कुठला डोंगर, कुठली वाट, परत किती वाजता. ते स्वतः दर रविवारी तशी चिठ्ठी लिहून देवाजवळ ठेवायचे. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, वाचता येत नव्हतं. पण वेळ पडली तर शेजारचे मास्तर वाचून दाखवतील, असा त्यांचा हिशेब.

एका रविवारी उतरताना साठ्यांचा पाय सुट्या दगडांवरून घसरून मुरगळला आणि घोट्याला हीऽऽ सूज आली. आम्ही मागच्या बाजूच्या घळीत होतो, तिथल्या जुन्या विहिरीच्याही बरंच वर. साठ्यांना उचलून दगडांतून उतरवणं आम्हाला जमेना. अकराला घरी पोचायचं होतं, एक वाजून गेला. पाणी संपत आलं होतं.

"सुभेदार, चिठ्ठी आहे ना घरी?" वहिनींनी विचारलं.

सुभेदारांनी टोपी काढून घाम पुसला. मग म्हणाले, "मास्तर काल गावाला गेलेत."

वहिनी साठ्यांच्या घोट्याला ओला रुमाल गुंडाळत राहिल्या. काळ्यांनी स्वतः खाली जाऊन माणसं आणायची तयारी केली, पण त्या उन्हात सुभेदार त्यांना एकटं सोडेनात.

दीडच्या सुमारास खालून माणसांचे आवाज आले. पुढे काकू, डोक्यावर पदर, कमरेवर पाण्याची कळशी. मागे गल्लीतले दोन भैया, एक खाट घेऊन. नेमक्या त्याच वाटेनं, विहिरीवरून.

आम्ही पाणी प्यायलो. साठ्यांना खाटेवर घेतलं. सुभेदार काकूंकडे बघतच उभे होते.

"चिठ्ठी कुणी वाचली?"

काकूंनी कमरेला खोचलेली चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली.

"विहीर लिहिताना पहिली वेलांटी ऱ्हस्व असते," त्या म्हणाल्या. "तुम्ही दर वेळी दीर्घ काढता."